इंटरनेट गेलं तरी पहाटे गिझर लागला पाहिजे

गिझर फोनवरून किंवा टायमरने चालू-बंद करणारा स्मार्ट प्लग घरात, राउटर घरात, फोन हातात. तरी ‘चालू हो’ हा निरोप बऱ्याच स्मार्ट प्लगांत कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे इंटरनेटवरून, फिरून येतो. याची काहीही गरज नाही. नाशकात वळवाचा जोराचा पाऊस झाला की वीज आणि खांबांवरून आलेली नेटची वायर अनेकदा एकदमच जातात, म्हणून प्लग नेटशिवाय चालेल असा करायचं काम पावसाळ्याआधी उरका.

आधी तपासणी. राउटर चालूच ठेवा, फक्त बाहेरून येणारी नेटची वायर काढा. फायबर असेल तर टोकाला बोट लावू नका. ते मळलं की सिग्नल पडतो. फोनचा मोबाइल डेटाही बंद करा, नाहीतर फोन गुपचूप त्यावर जातो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आता अॅपमधून प्लग चालू-बंद करा, मग प्लगवरचं बटण दाबा. नेटशिवाय बटणसुद्धा चालत नसेल तर ती वस्तू परतच करा.

खरी अडचण टायमरची. नेट काढल्यावरही टायमर चालतो, म्हणून लोक निश्चिंत होतात. पण नेट बंद असतानाच प्लगची वीज मिनिटभर घालवून परत द्या आणि टायमर पुन्हा पाहा. बहुतेक प्लगांत घड्याळाला सेल नसतो. वीज आली की प्लग वेळ इंटरनेटवरून विचारतो. उत्तर आलं नाही तर पहाटे पाच वाजल्याचं त्याला कळतच नाही. थंडीत पारा दहाच्या खाली गेल्यावर हे फार जाणवतं.

उपाय म्हणजे टास्मोटा हे मोफत फर्मवेअर, म्हणजे प्लगच्या चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर. ते आधीच भरलेला प्लग मिळाला तर तोच घ्या. स्वतः भरायचं असेल तर आतली चिप ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ आहे ना, ते पाहा. बऱ्याच नव्या प्लगांत वेगळी चिप असते. भरताना प्लग २३० व्होल्टला कधीही जोडू नका, जीव जाऊ शकतो. कॉम्प्युटरला चिप जोडणारा यूएसबी-सिरियल अडॅप्टर ३.३ व्होल्टवरच ठेवा, ५ व्होल्टने चिप जळते.

मग टास्मोटाच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पानावर) ‘टाइमझोन +५:३०’ द्या. गिझरसाठी ‘पॉवरऑनस्टेट ०’ द्या, म्हणजे वीज आल्यावर तो आपोआप लागणार नाही. ‘सेटऑप्शन६५ १’ विसरू नका: वीज लागोपाठ सात वेळा लपंडाव खेळली तर टास्मोटा सगळी सेटिंग पुसून टाकतो, हे त्याने थांबतं. (आज्ञा टाइप करताना मात्र रोमन लिपीतच.)

नेट नसताना प्लगला वेळ सांगायला घरातला जुना लॅपटॉप पुरतो. त्याच्या घड्याळाला स्वतःचा सेल असतो. त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्रोनी हा इतर यंत्रांना वेळ सांगणारा प्रोग्रॅम टाका. क्रोनीत ‘लोकल स्ट्रॅटम १०’ लिहिलं नाही तर नेट नसताना सुरू झालेला क्रोनी कुणालाच वेळ सांगत नाही. ‘अलाउ’पुढे घरच्या नेटवर्कचा पत्ता द्या, राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) कायमचा बांधा आणि तोच प्लगमध्ये ‘एनटीपीसर्व्हर१’ म्हणून भरा.

२००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, तेव्हा प्लग १६ अँपिअरचाच हवा. १० अँपिअरवाल्याचा रिले (आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) तापून चिकटू शकतो. पाण्याची मोटर तर थेट प्लगवर लावूच नका. सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते. मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा स्विच) घाला आणि प्लगने फक्त तो स्विच ओढणारी त्याची कॉइल चालवा.