बान्झुके यायच्या आधी सुमोच्या रँकिंगचा अंदाज कसा लावायचा

सदाशिव पेठेत चहा पिताना आमच्यात दर दोन महिन्यांनी हाच वाद होतो, कोण वर जाणार कोण खाली, म्हणून नवीन लोकांसाठी लिहितोय. बान्झुके म्हणजे रँकिंगची यादी, ती साधारण स्पर्धेच्या १३ दिवस आधी सोमवारी येते, त्याआधीच वहीत आपली यादी करून ठेवा.

आधी मागच्या स्पर्धेचा निकाल घ्या. १५ कुस्त्या, ८ जिंकल्या की बढती, ७ किंवा कमी असतील तर घसरण. मग जिंकलेल्यातून हरलेल्या वजा करा, जेवढा फरक तेवढ्या पायऱ्या, म्हणजे माएगाशिरा (वरच्या गटातलं सगळ्यात खालचं पद, नंबर लहान तितका वरचा) १० वाला ९-६ असेल तर ३ पायऱ्या वर, साधारण ७ वर. हा नियम नाही हं, अंदाज आहे, कारण वर जागाच रिकामी नसेल तर चांगला खेळलेला पैलवानसुद्धा अडकतो आणि तेव्हा खरंच जीव तुटतो. एकाच नंबरवर दोघं असतात, पूर्व आणि पश्चिम, पूर्व वरचढ.

ओझेकीचं, म्हणजे वरून दुसऱ्या पदाचं, गणित वेगळं. सलग दोन स्पर्धांत ८ जिंकता आल्या नाहीत तर पद जातं, पण लगेच पुढच्या स्पर्धेत १० जिंकल्या तर परत मिळतं. आणि ओझेकी व्हायला तीन स्पर्धांत मिळून साधारण ३३ विजय बघतात, तेही ओझेकीच्या लगेच खालच्या सेकिवाके-कोमुसुबी या पदांवर. योकोझुनाची, म्हणजे सर्वोच्च पदावरच्या पैलवानाची, घसरण होतच नाही, खेळ खालावला तर त्याला निवृत्तीच घ्यावी लागते.

यादी वरून खाली भरत या, मधूनच सुरू केलंत तर हमखास चुकतं.