स्वातंत्र्यदिनाची मैफल लाइव्ह करताय? या चुका टाळा

15 ऑगस्ट जवळ आला की कोल्हापुरात कुठल्या ना कुठल्या मैदानावर देशभक्तिपर गीतांचा मोठा कार्यक्रम ठरतो. बैठक उठता उठता कुणीतरी म्हणतं, ‘लाइव्ह पण करूया की.’ गडबड इथंच सुरू होते. मैदानातला कार्यक्रम आणि घरात दिसणारा कार्यक्रम हे दोन वेगळे कार्यक्रम असतात. दिग्दर्शकाला दोन्ही सांभाळावे लागतात.

सगळ्यात जास्त नडतो तो आवाज. मैदानाच्या मिक्सरमधून (सगळे माइक जिथं एकत्र होतात त्या यंत्रातून) एक वायर ओढून तीच प्रक्षेपणाला द्यायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. मागे एका पोवाड्याला हलगी, घुमकं, कैताळ असा पुरा ताफा उभा होता. हलगी मुळातच एवढी कडाडते की साउंडवाल्याने तिचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, जवळपास खालीच ठेवलेला. मैदानासाठी ते बरोबर होतं, लोक ठेक्यावर डोलत होते. पण तीच वायर प्रक्षेपणाला, त्यामुळे तिथं शाहिरांचा आवाज तेवढा, खाली ठेकाच नाही. गडहिंग्लजहून पाहुण्यांचा फोन, ‘हलगीवाले नुसते हात हलवायल्यात व्हय?’ घाईने फेडर वर केला तर मैदानातले स्पीकर शिट्टी मारायला लागले. पोवाडा तसाच संपला. म्हणून मंचावरच प्रत्येक माइकची लाइन दोन वाटांनी फोडून घ्या, एक मैदानाला आणि एक प्रक्षेपणाला; प्रक्षेपणाला वेगळा मिक्सर आणि वेगळा माणूस द्या, टाळ्यांसाठी दोन माइक लोकांकडे तोंड करून लावा. पैसे कमी पडले तर एलईडी पडदा लहान घ्या, पण हे सोडू नका. तालमीला मी एकाला काचा बंद केलेल्या गाडीत हेडफोन लावून बसवतो. मैदानात उभं राहून प्रक्षेपणाचा आवाज कळत नाही.

दुसरी चूक वेळेची, आणि तिचं मूळ सत्कारात असतं. मंचावर फेटे बांधत बसलं की मिनिटं भराभर जातात. वेगळी सूट नसेल तर रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. मग शेवटी कात्री लागते ती राष्ट्रगीताला. ठरलेल्या वेळेला प्रक्षेपण बंद होऊन राष्ट्रगीत मध्येच तुटलेलं मी पाहिलंय. घरोघरी उभी राहिलेली माणसं काळ्या पडद्यासमोर तशीच उभी. पूर्ण राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. ती आधी बाजूला काढा आणि कार्यक्रम शेवटाकडून मागे मोजत आखा. राष्ट्रगीताआधीचं गाणं गाळता येण्यासारखं ठेवा. फेटे मंचामागे बांधून पाहुण्यांना वर आणा.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 100 मीटर मागे उभी असलेली माणसं राष्ट्रगीत पाव सेकंदाहून जास्त उशिरा म्हणतात. त्या वेळी मागच्या गर्दीचे माइक बंद ठेवा.

मैदानातल्या पडद्यावर यूट्यूबचं चित्र लावू नका, ते काही सेकंद मागे असतं. पडदा थेट कॅमेऱ्यांच्या व्हिडिओ मिक्सरवरून चालवा. दिवे कॅमेऱ्यात लुकलुकत असतील तर कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंदावर आणा. साउंड आणि लाइट एका जनरेटरवर नकोत.

नवीन पोरं दुपारी रिकाम्या मैदानात मोबाइलच्या सिमवर चाचणी घेतात आणि ‘नेट झकास आहे’ म्हणून मोकळी होतात. संध्याकाळी हजारो फोन त्याच टॉवरला लटकतात. आधीच वायरची लाइन ओढून घ्या, सिम फक्त राखीव ठेवा. ऑगस्टात पाऊस येणारच, त्यामुळे त्या वायरचे जोड जमिनीपासून वर बांधा आणि वरून प्लास्टिक गुंडाळा.