टेबलटॉप आरपीजीतले शब्द: नवीन प्लेअर्सनी या चुका टाळा

आमचा टेबलटॉप आरपीजीचा (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, डाइस टाकत गोष्ट खेळायचा गेम) ग्रुप शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यात एका मित्राच्या घरी बसतो, दोघं नेरूळवरून ट्रान्स-हार्बर लोकलने येतात आणि अधूनमधून कोणीतरी नवीन येतं. नव्या माणसाला गेम जड जात नाही, शब्द नडतात.

सगळ्यात जास्त घोळ 'लेव्हल'चा. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या गेममधे कॅरेक्टरची लेव्हल वेगळी आणि स्पेलची (मंत्राची) वेगळी. फायरबॉल थर्ड लेव्हल स्पेल आहे म्हणून एकाने तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डच्या (जादूगाराच्या) शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहायच्या कागदावर, तो लिहून आणला, पण विझार्डला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. शीट भरताना क्लासचा (विझार्डसारखा कॅरेक्टरचा प्रकार) तक्ता एकदा बघाच.

'नॅचरल २०' म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर खरोखर २० पडलं ते, १६ पडले आणि ४ बोनस मिळून २० झाले तर ते नॅचरल नाही. आणि पाचव्या एडिशनच्या नियमांत त्याने अटॅक नक्की लागतो, स्किल चेक (एखादं काम जमतं का ते डाइस टाकून बघणं) आपोआप पास होत नाही. 'टू डी सिक्स' म्हणजे सहा बाजूंचे दोन डाइस टाकून बेरीज, त्याऐवजी बारा बाजूंचा एक टाकला तर चालत नाही, कारण दोघांत ७ सगळ्यात जास्त वेळा येतात आणि १ तर येऊच शकत नाही.

डीएम (डंजन मास्टर, गेम चालवणारा) हा शब्द डी अँड डीचा. बाकी गेम्समधे जीएम (गेम मास्टर), आणि कॉल ऑफ क्थुलूमधे कीपर.

आता 'मेटागेमिंग', ज्यावरून खरी भांडणं होतात. प्लेअरला माहीत असलेली पण कॅरेक्टरला माहीत नसलेली गोष्ट वापरणं म्हणजे मेटागेमिंग, इतकंच. ट्रोल नावाच्या राक्षसाची जखम आपोआप भरते आणि आग किंवा ॲसिड लागलं की भरायची थांबते, हे जुन्या प्लेअर्सना पाठ असतं, मग कोणी पहिल्याच फटक्यात मशाल काढली की बाकीचे ओरडतात मेटागेमिंग मेटागेमिंग. अरे पण हडळीचे पाय उलटे असतात हे आपल्याला कसं माहीत, आपण कुठे बघितलीये, आजीने सांगितलेलं ना? मग ट्रोल असलेल्या गावात वाढलेल्या पोराने हे ऐकलं नसेल कशावरून? डीएमला विचारा, तो चेक मागेल, रोल करा आणि पुढे जा. आमच्याकडे एक मुलगी या आरोपानंतर अख्खं सेशन गप्प बसली होती, मला अजून वाईट वाटतं.

'रेलरोडिंग'चं पण तसंच. डीएमने गोष्ट तयार करून आणली म्हणजे रेलरोडिंग नाही, तुम्ही काहीही केलं तरी तो तिथेच ओढून नेत असेल तर ते रेलरोडिंग. वन-शॉट एकाच बैठकीत संपवायचा असतो, तिथे गोष्ट थोडी बांधलेली असणारच.

हे सगळं बोलायची जागा म्हणजे सेशन झिरो. तो पहिला गेम नाही, गेमच्या आधीची बैठक आहे, कॅरेक्टर्स, नियम, कोणाला काय नको ते सगळं तिथे ठरतं, त्यामुळे त्या दिवशी यायचं टाळू नका.