मित्र आरमारी युद्धखेळाला एकदाच येतात, परत फिरकत नाहीत: माझ्याकडे चाललेला उपाय

युद्धखेळ म्हणजे छोटी जहाजं मांडून, फासे टाकून खेळायची जुनी लढाई. लक्षण असं: मित्र येतात, रंगवलेल्या जहाजांचे फोटो काढतात, दुसऱ्या फेरीला मोबाईलमध्ये घुसतात. पुढच्या रविवारी प्रत्येकाला कुणाचं तरी लग्न असतं.

१८०५ चं ट्रॅफल्गर (इंग्रज विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश आरमार) मांडून झालं, नियमपुस्तिका आधी वाचायला देऊन झाली, नियम निम्म्यावर आणून झाले. जाम वैतागलो होतो.

चाललं ते खांदेरी, मुंबईजवळच्या बेटाची लढाई. १८ ऑक्टोबर १६७९, शिवाजी महाराजांचा आरमारप्रमुख दौलतखान विरुद्ध इंग्रज.

आधी निळ्या चादरीवर फक्त वाऱ्याचा बाण ठेवा, जहाजं डब्यातच. मग प्रत्येकाला दोन मराठा गलबतं द्या (पुठ्ठ्याची चालतात) आणि एकच नियम सांगा: गलबतं वल्ह्यांवर कुठेही जातात, पण इंग्रजांची शिडाची जहाजं 'रिव्हेंज' आणि 'डोव्हर' वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाहीत. तोफांबद्दल अवाक्षर नको. पहिली फेरी नुसती हालचाल.

दुसऱ्या फेरीत इंग्रजी तोफा उघडा. एक फासा, ५ किंवा ६ पडला तर गोळा लागला. मारा फक्त डाव्या-उजव्या कुशीतून. समोरून किंवा मागून गेलं तर वाचतो, हे सांगू नका. कुणीतरी ओरडतंच, "अरे, ढुंगणाकडून चल!" तिथून मोबाईल खिशात जातात.

इंग्रज तुम्ही स्वतः खेळा. सहाव्या फेरीला, निकाल लागो न लागो, थांबवा. इतिहास त्यानंतरच: डोव्हर मराठ्यांच्या हाती लागली, रिव्हेंज लढत राहिली.

चहा मात्र चौथ्या फेरीनंतर. आधी दिलात की गप्पा सुरू.