अँटीबॉडी तपासायला जळगाव-नाशिकला निघण्याआधी

गर्भ एकापेक्षा जास्त वेळा टिकला नाही आणि डॉक्टरांनी अँटिफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (गर्भ टिकू न देणारी, शरीरानेच तयार केलेली प्रथिनं) तपासून घ्यायला सांगितलं, की रक्त द्यायची घाई करू नका. आधी फाइल लावा. प्रत्येक खेपेचा वेगळा कागद करा. शेवटच्या पाळीची तारीख, पहिली सोनोग्राफी कधी झाली, ठोके दिसले होते का, कितव्या आठवड्यात थांबलं, क्युरेटिंग झालं का, हे त्यावर लिहा. 'अडीच महिन्यांचं होतं' एवढ्यावर भागत नाही, आठवडेच लागतात. १० आठवड्यांच्या आत लागोपाठ तीनदा गर्भ जाणं आणि १० आठवड्यांनंतर नीट वाढलेलं बाळ एकदाच जाणं, या दोन्ही गोष्टी डॉक्टर वेगवेगळ्या धरतात. बीपी फार वाढल्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल, तर तेही लिहा. त्याला 'आठव्या महिन्यातलं' म्हणून सोडून देऊ नका.

जुन्या फाइलीत आणखी दोन गोष्टी शोधा. प्लेटलेट कमी आल्याचा एखादा रिपोर्ट असेल तर तो वर ठेवा. दुसरी गोष्ट व्हीडीआरएलची, म्हणजे गरमी (सिफिलिस) या लैंगिक आजारासाठीच्या रक्ततपासणीची. गरोदरपणात ही तपासणी सगळ्यांचीच होते. ती पॉझिटिव्ह आली आणि पुढची खात्रीची तपासणी निगेटिव्ह आली, तर दोन्ही कागद जपून न्या. या तपासणीत कार्डिओलिपिन नावाचा पदार्थ वापरतात. त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात असल्या, की गरमी नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. या एका कागदावरून नवरा-बायकोत संशय शिरतो, बाईला नाही नाही ते ऐकावं लागतं. म्हणून हा मुद्दा डॉक्टरांसमोर, नवऱ्याच्या देखत काढा.

स्वतःच्या शरीराचंही टिपून घ्या: पायात कधी गुठळी झाली होती का, सांधे दुखतात का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे येतात का, तोंड वारंवार येतं का, घरात कुणाला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे का.

चिठ्ठीवर तीन नावं आहेत का ते बघा: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. या अँटीबॉडी आपल्याच शरीरात तयार होतात. त्या वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशींवर बसतात, तिथे सूज आणतात, कधी बारीक गुठळ्या करतात, आणि मग वार नीट रुजत नाही. या तिन्हींतल्या पहिल्या नावाची तपासणी मोठी नाजूक असते. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरावी लागते आणि रक्त वेळेत, दोनदा फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. यावल, चोपडा, शहादा अशा ठिकाणी रक्त देऊन ते एस.टी.ने किंवा कुरियरने पाठवायचं असेल, तर आधी विचारा, 'प्लाझ्मा इथेच वेगळा करून गोठवून पाठवणार का?' उत्तर गुळमुळीत आलं, तर मी म्हणेन गाडीभाडं खर्चा आणि जिथे तपासणी होते तिथेच हात पुढे करा. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर लॅबला सांगा, पण मनाने बंद करू नका.

गर्भ गेल्या गेल्या तपासू नका. साधारण ६ आठवडे जाऊ द्या. आणि एका रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, पॉझिटिव्ह असला तरी. ताप किंवा जंतुसंसर्ग झाला की या अँटीबॉडी काही काळ वाढतात आणि आपोआप उतरतात. म्हणून कमीत कमी १२ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये करायची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर पहिली केली, तर दुसरी श्रावण लागायच्या सुमारास येते. दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा. मधल्या काळात दिवस राहू द्यायचे की नाही, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

याच खेपेत थायरॉइड, साखर आणि गर्भपिशवीची सोनोग्राफी उरकून घ्या. क्रोमोसोमची तपासणी सांगितली असेल तर ती नवऱ्याचीही असते, म्हणून त्यांनी सोबत यायचंच. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्यांनी सिकलसेलही तपासावं. नुसती एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून गर्भ गेला असं ठरत नाही. इम्युनोग्लोब्युलिनच्या (शिरेतून देतात त्या तयार अँटीबॉडींच्या) महागड्या बाटल्या कुणी सुचवल्या, तर दागिना मोडण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

या अँटीबॉडींच्या आजाराचं, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं, निदान पक्कं झालं तर उपाय आहे. लंडनमधल्या १९९७ च्या अभ्यासात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के, आणि सोबत हेपारिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) दिल्यावर ७१ टक्के बायकांना जिवंत बाळ झालं. हेपारिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. इंजेक्शन रोज पोटावर घ्यायचं असतं. ते टोचायला नर्सताईंकडून नवराबायको दोघांनी शिकून घ्या. टोचल्यावर चोळू नका, सुया जाड डब्यात टाका. बहुतेक खोक्यांवर २५ अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं आणि भुसावळचा मे महिना आपल्याला माहीत आहे. फ्रीजमध्ये ठेवायचं का ते औषध देणाऱ्याला विचारा. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नको. शेजारणीला लागू पडलं म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका. वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधीच बदलून घ्यावं लागतं.

पाळी चुकली की घरीच किट लावा आणि दोन रेघा दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हेपारिन बहुधा तिथूनच सुरू होतं. फाइल तोवर दाराजवळच्या पिशवीत असू द्या.