सीओटू लेझरने खळगे पाडून एमसीएफ-7 च्या गोल गाठी वाढवणे

सपाट प्लेटमध्ये एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी पसरून एकच थर धरतात. त्यांना चिकटायला जागाच ठेवली नाही आणि निमुळत्या खळग्यात जमवलं, तर त्या एकमेकींना धरून गोल गाठ बांधतात. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. खळग्यांना साधं 40 वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर पुरतं.

खळगे पीडीएमएस या सिलिकॉन रबरात पाडायचे. ते सिलगार्ड 184 या दोन भागांच्या संचातून बनतं. त्याचा बेस आणि क्युरिंग एजंट (घट्ट करणारा भाग) वजनाने 10:1 मिसळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, 3 मिमीचा थर ओतून 65 अंशांवर 4 तास ठेवा. त्यावर 0.6 मिमी अंतराने लेझरचे ठिपके मारा. पॉवर आणि पल्स प्रत्येक मशीनवर वेगळी बसते. म्हणून आधी एक तुकडा वाया घालवा, उभा चिरा आणि मायक्रोस्कोपखाली बघा. तोंड 0.5 मिमी, खोली साधारण तेवढीच हवी. धुरात फॉर्मल्डिहाइड असतो, एक्झॉस्ट चालूच ठेवा.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते साफसफाईत. जळलेल्या पीडीएमएसची पांढरी भुकटी खळग्यात राहिली की पेशी तिच्याभोवती वेड्यावाकड्या जमतात. चिकटपट्टीने वरची भुकटी ओढून काढा, मग आयसोप्रोपॅनॉलमध्ये 15 मिनिटं सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा.

22 मिमीची चकती कापून 12 खणांच्या प्लेटमध्ये बसवा. नुसती ठेवली तर तरंगू शकते, कारण पीडीएमएसला पाणी धरत नाही आणि खळग्यांत हवा अडकते. खाली कच्च्या पीडीएमएसचा थेंब लावून 60 अंशांवर रात्रभर ठेवा. त्याहून फार तापवलं तर प्लेट वाकते.

70 टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास भिजवा. निर्जंतुक होतं आणि खळग्यातली हवाही निघते. कोरडं होऊ न देता पीबीएसने (पेशींना चालणाऱ्या खारट बफरने) धुवा, पेशी चिकटू न देणारं 1 टक्का प्लुरॉनिक एफ-127 गाळून, खळग्यांवर घालून रात्रभर ठेवा, पुन्हा दोनदा धुवा. इथे घाई केली की पेशी भिंतीला चिकटतात.

चकतीवर सुमारे 1000 खळगे बसतात. खळग्यामागे 500 म्हणजे 5 लाख पेशी, 1.5 मिली मीडियात (पेशींच्या पोषक द्रावात). ट्रिप्सिनने (पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमने) सोडवल्यावर 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, नाहीतर गाठी लहानमोठ्या होतात. प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. 20 मिनिटं हलवूच नका. मीडिया बदलताना प्लेट तिरकी धरून निम्माच काढा. जोरात पिपेट केलं की गाठी उडून शेजारच्या खळग्यात जातात.

तीन-चार दिवसांत गाठी घट्ट होतात. एमडीए-एमबी-231 या स्तनाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या पेशी मात्र याच खळग्यात सैल पुंजकेच करतात. त्यांना मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या प्रथिनांचं जेल) घालावं लागतं.

औषधांची चाचणी करायची असेल तर हे खळगे सांभाळून वापरा. पीडीएमएस तेलात विरघळणारी औषधं शोषून घेतं, आणि पेशींपर्यंत पोचणारा डोस तुम्ही नोंदवलेल्यापेक्षा कमी असतो.