राज्यशास्त्राच्या वर्गात जनसुनावणी कशी घ्यावी

अभिरूप संसद सगळीकडेच होते. कोकणातल्या महाविद्यालयांसाठी त्याहून जवळचा आणि जरा अवघड उपक्रम म्हणजे पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी. संसदेत शेवटी मतदान होतं, सुनावणीत होत नाही. लोक बोलतात, निर्णय दुसरीकडे होतो. शिकवायचं आहे ते हेच.

प्रकल्प काल्पनिक घ्या. जैतापूर किंवा नाणार घेतलंत तर विद्यार्थी घरातलीच बाजू वर्गात मांडतात आणि वाचन राहून जातं. खाडीच्या मुखाशी वर्षाला 50 लाख टनांहून जास्त माल हाताळणारं बंदर, असा प्रस्ताव ठेवा. एवढ्या क्षमतेच्या बंदराची पर्यावरण मंजुरी केंद्रीय मंत्रालयाकडे जाते, त्यामुळे गाव, जिल्हा आणि दिल्ली या तिन्ही पातळ्या आपोआप येतात.

नियम पर्यावरण मंजुरीबाबतच्या 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेतले ठेवा. किमान 30 दिवस आधी सूचना (वर्गासाठी 10 दिवस पुरेत), अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळ, संपूर्ण चित्रीकरण, शेवटी स्थानिक भाषेत इतिवृत्ताचं वाचन. गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. विद्यार्थी इथे हमखास ग्रामसभेशी गल्लत करतात. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. सुनावणीचा मंडप अर्धा रिकामा असला तरी सुनावणी झालीच.

कागदपत्रांवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. गावकऱ्यांना फक्त दोन पानी मराठी सारांश द्या. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या वीसेक पानी इंग्रजी मसुदा अहवालाच्या दोनच प्रती ठेवा, एक ग्रंथालयात, एक विभागात, आणि त्या तिथेच बसून वाचायच्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ टाकलीत तर अर्धा उपक्रम वाया गेला. माहिती असणं आणि मिळणं यातलं अंतर मुलांना पायपीट केल्यावरच कळतं. मसुद्यात दोन चुका मुद्दाम पेरा: मासळीची पाहणी फक्त जून-जुलैत, म्हणजे मासेमारी बंदीच्या काळात, झालेली दाखवा; आणि रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याचा, किनारा ‘वापरात नसलेला’ म्हणून नोंदवा. ग्रंथालयात जाऊन बसेल त्यालाच त्या सापडतील.

45 जणांच्या वर्गाची वाटणी अशी करा: अध्यक्ष 1, मंडळाचे अधिकारी 2, कंपनी व तिचे सल्लागार 5, इतिवृत्त लिहिणारे 4, वार्ताहर 3, बाकी 30 गाव. गावात रापणकार 6, यांत्रिक नौकांचे मालक आणि खलाशी 4, मासळी विकणाऱ्या बायका 4, आंबा-काजू बागायतदार 5, कुळं आणि सातबाऱ्यावरचे सहहिस्सेदार 4, मुंबईचे चाकरमानी 3, नोकरी शोधणारे तरुण व डंपरमालक 4. गाव एकमुखी दाखवू नका. रापणकार आणि यांत्रिक नौकावाले यांचं आपसातच पटत नाही, आणि जमिनीला दर चांगला मिळाला तर विकायला तयार असलेला सहहिस्सेदार मुंबईत बसलेला असतो. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या. कुणाच्या वाट्याला स्वतःच्याच घरची भूमिका आली तर बदलून द्या.

तारखेचा वादही उपक्रमातच घ्या. ऑगस्टपासून होड्या समुद्रात, एप्रिल-मे आंब्याच्या गडबडीत, गणपतीत चाकरमानी गावात. मंडळाच्या दोन अधिकाऱ्यांना तारीख ठरवायला लावा, कारण लेखी मागा, आणि एकदा जाहीर झाल्यावर बदलू देऊ नका. खऱ्या नियमातही आणीबाणीची परिस्थिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस असल्याशिवाय तारीख पुढे ढकलता येत नाही.

प्रत्यक्ष सुनावणीला 100 मिनिटं धरा: कंपनीचं सादरीकरण 10, गावकरी प्रत्येकी 2 याप्रमाणे 60, कंपनीची उत्तरं 15, इतिवृत्ताचं वाचन 15. घड्याळ अध्यक्षाच्या हातात. घोषणाबाजी होणारच, पाच मिनिटं होऊ द्या, पण ती इतिवृत्तात कशी नोंदवायची हे लेखनिकांना ठरवू द्या. ‘उपस्थितांनी विरोध दर्शविला’ आणि ‘गोंधळ झाला’ या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, हे तिथल्या तिथे दिसतं. कंपनीच्या गटाला खलनायक होऊ देऊ नका. त्यांच्याकडे रोजगाराचे, भरपाईचे आकडे तयार हवेत, नाहीतर गावकऱ्यांना खोडायला काहीच उरत नाही. कुणी ग्रामसभेचा ठराव आणला तर तो इतिवृत्ताला जोडा, पण त्यावर मतदान घेऊ नका. वर्ग आग्रह धरेल. नाहीच घ्यायचं.

पुढच्या आठवड्यात एम.ए.चे किंवा दुसऱ्या विभागाचे पाच जण मंत्रालयाला शिफारस करणारी तज्ज्ञ मूल्यांकन समिती म्हणून बसवा. ते सुनावणीला आलेले नसावेत. त्यांच्या हाती इतिवृत्त, आक्षेपांचा आणि कंपनीच्या उत्तरांचा तक्ता आणि अहवाल, एवढंच. त्यांनी अटींसह शिफारस किंवा नकार लिहून द्यायचा. मग प्रत्येक विद्यार्थ्याने चित्रीकरणातलं आपलं बोलणं, इतिवृत्तातली त्याची नोंद आणि शिफारशीतला त्याचा मागमूस शेजारीशेजारी ठेवून 600 शब्द लिहायचे. शेरी अर्नस्टाइन यांची लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी (1969) यानंतर शिकवा, आधी नको. ‘सल्लामसलत’ ही चौथी पायरी तेव्हा फळ्यावर लिहिली की मुलं स्वतःच वाद घालतात: आपण तिथे तरी पोचलो होतो का?

गुण 20 असतील तर लेखी निवेदनाला 5, बोलण्याला 5, शेवटच्या लेखनाला 10. भाषण फर्डं असलं म्हणून जास्त गुण देऊ नका. मसुद्यातली पेरलेली चूक पकडणाऱ्याला द्या.